घरामागच्या बागेत हाइड : आधी पक्ष्याची वाट, मग कॅमेऱ्याची जागा

तळेगावजवळच्या एका वाचकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. घरामागे २५ बाय ३० फुटांची बाग आहे. कुंपणाच्या भिंतीला लागून हिरव्या शेडनेटचे हाइड, म्हणजे आत लपून पक्ष्यांची छायाचित्रे काढण्याचा आडोसा, उभारले आहे. सात-आठ फुटांवर पाण्याची उथळ कुंडी आणि धान्याचे ताट ठेवले आहे. लेन्स १५०-६०० मिमीची आहे. बुलबुल, साळुंक्या आणि पारवे येतात, पण झाडात दिसणारे चष्मेवाले, शिंपी, सुभग आणि शिंजीर हे लहान पक्षी खाली उतरत नाहीत. जी छायाचित्रे मिळाली ती मऊ (पुरेशी स्पष्ट नसलेली) आणि हिरवट आहेत, आणि मागे कपड्यांची दोरी दिसते. लेन्स बदलावी का, असा शेवटचा प्रश्न आहे.

लेन्स बदलू नये. या तक्रारींपैकी बहुतेक एकाच कारणातून उद्भवतात : हाइड सोयीच्या जागी उभे राहिले आणि मग पक्ष्यांनी त्याच्यासमोर यावे अशी अपेक्षा केली गेली. लहान पक्षी बागेत कोठेही उतरत नाही. त्याची येण्याची वाट ठरलेली असते आणि ती साधारणपणे पायऱ्यापायऱ्यांनी खाली येते : उंच झाडाची बाहेरची फांदी, तिथून मध्यम उंचीचे झुडूप, झुडपातून एखादी मोकळी काडी आणि शेवटी पाण्याचा काठ. प्रत्येक पायरीवर तो थांबतो, मान वळवून आकाश आणि जमीन न्याहाळतो आणि धोका वाटला तर एका झेपेत मागच्या पायरीवर परततो. यातली एक जरी पायरी नसेल तर चष्मेवाल्यांचा थवा वरच्या वर निघून जातो. म्हणून आधी आठ-दहा दिवस कॅमेरा घरातच ठेवावा, खिडकीतून बाग पाहावी आणि कोणता पक्षी कोणत्या झुडपातून कोणत्या वेळी खाली येतो याच्या नोंदी कराव्यात. कुंडी त्या वाटेच्या शेवटी ठेवावी, आणि हाइडची जागा सर्वांत शेवटी ठरवावी.

धान्याचे ताट आजच उचलावे. चष्मेवाला, शिंपी, सुभग आणि शिंजीर यांना बाजरीत किंवा तांदळात काडीचाही रस नसतो. ते कीटक, मध आणि मऊ फळे यांवर जगतात. धान्याला येतात ते पारवे, होले, साळुंक्या, चिमण्या आणि नशीब असेल तर मुनिया. पारव्यांनी आणि साळुंक्यांनी एकदा जागा व्यापली की दहा सेंटिमीटरचा पक्षी तिथे पाय ठेवत नाही. मुनियाच हव्या असतील तर राळे किंवा बाजरी मूठभरच, बागेच्या दुसऱ्या कोपऱ्यात आणि जमिनीपासून उंच, लहान तोंडाच्या भांड्यातून द्यावी. शिळा भात, ब्रेड, फरसाण यांतले काहीही ठेवू नये. शिंजिरांसाठी साखरेच्या पाण्याची बाटली टांगण्याचीही आपल्याकडे गरज नाही, कारण हॅमेलिया, जास्वंद, शेवगा आणि पांगारा हे काम कितीतरी चांगले करतात. सिंगापूर चेरीचे एक झाड असले तर बुलबुल आणि फुलटोचे वर्षातील बराच काळ ये-जा करतात. कढीपत्त्याची पिकलेली काळी फळेही बुलबुलांना फार आवडतात, म्हणून घरोघरी होते तशी कढीपत्त्याची सरसकट छाटणी करू नये.

दख्खनच्या पठारावर फेब्रुवारीच्या अखेरीपासून पहिल्या पावसापर्यंत सर्वांत प्रभावी आमिष एकच असते, ते म्हणजे पाणी. परंतु स्थिर पाणी पक्ष्याला वरून सहज दिसत नाही. थेंब पडण्याचा आवाज आणि पृष्ठभागावरची हालचाल यांमुळे ते लक्षात येते. यासाठी औषधांच्या दुकानातून नवा सलाईनचा संच आणावा, वापरलेला घेऊ नये. पाच लिटरचा कॅन फांदीला टांगून त्याच्या तळाशी नळी बसवावी आणि नळीवरच्या चाकाने वेग ठरवावा. प्रौढांसाठीच्या साध्या संचात सुमारे २० थेंबांचे १ मिलिलिटर होते. सेकंदाला एक थेंब ठेवला तर तासाला १८० मिलिलिटर पाणी जाते आणि पाच लिटरचा कॅन एक दिवसाहून थोडा अधिक चालतो. लहान मुलांच्या संचातले थेंब फार बारीक असतात आणि त्यांचा आवाज होत नाही, म्हणून तो घेऊ नये. थेंब साधारण ४० सेंमी उंचीवरून पाण्याच्या खोल भागात पडावा. कुंडीची कड उथळ असावी आणि मध्यभागीही पाणी चार सेंटिमीटरहून खोल नसावे. गुळगुळीत चिनी मातीच्या भांड्यात लहान पक्ष्याचे पाय घसरतात, त्यामुळे खडबडीत दगडाचा किंवा सिमेंटचा उतार हवा.

येथे एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. शिंजीर, चष्मेवाला आणि शिंपी कुंडीत उतरून अंघोळ करतीलच असे नाही. ते बहुधा ओल्या पानांवर अंघोळ करतात : पानावर साचलेल्या पाण्यात पोट घासतात, पंख फडफडवतात आणि एका पानावरून दुसऱ्यावर घसरत जातात. म्हणून कुंडीच्या मागे किंवा बाजूला रुंद पानांचे एखादे झुडूप, कर्दळ असेल तर उत्तम, ठेवावे आणि ठिबक सिंचनाच्या दुकानात मिळणारा लहान फॉगर (बारीक तुषार उडवणारी तोटी) त्याच्यावर बसवावा. सकाळी आणि दुपारी दहा-दहा मिनिटे पाने ओली झाली तरी पुरते. कुंडीकडे ढुंकूनही न पाहणारे शिंजीर या पानांवर येण्याची शक्यता कितीतरी जास्त असते, आणि ओल्या पानावर पोट टेकून पंख पसरलेला शिंजीर हे छायाचित्र कुंडीच्या काठावरच्या दहा छायाचित्रांपेक्षा सरस असते असे माझे मत आहे.

आता अंतराचा हिशेब. १५०-६०० मिमीच्या प्रचलित लेन्सचे किमान फोकस अंतर २.२ ते २.८ मीटरच्या दरम्यान, म्हणजे सुमारे सव्वासात ते सव्वानऊ फूट असते. सात-आठ फुटांवर ठेवलेल्या कुंडीच्या पुढच्या काठावर बसलेला पक्षी अनेकदा या लेन्सच्या आवाक्यातच नसतो. छायाचित्रे मऊ येण्याचे पहिले कारण बहुधा हेच आहे, त्यासाठी लेन्सला दोष देता येणार नाही. अंतर चार मीटर, म्हणजे सुमारे तेरा फूट करावे. पूर्ण आकाराच्या सेन्सरवर ६०० मिमीला चार मीटरवर साधारण २० ते २४ सेंमी रुंदीचे दृश्य मावते. चष्मेवाल्याची लांबी सुमारे १० सेंमी असल्याने तो चौकटीचा जवळजवळ अर्धा भाग व्यापतो. त्याहून जवळ जाण्याचे काही कारणच उरत नाही. २० सेंमीचा बुलबुल आला तर झूम ४०० पर्यंत मागे घ्यावा लागेल.

याच अंतरावर फोकसची खोली, म्हणजे पुढे-मागे स्पष्ट दिसणारा भाग, किती तुटपुंजी असते तेही समजून घ्यावे. ६०० मिमी, चार मीटर आणि लेन्सचे छिद्र (अॅपर्चर) एफ ६.३ असताना ती सुमारे पावणेदोन सेंमी असते. एफ ८ ला दोन सेंमीच्या किंचित वर जाते. एफ ११ ला तीन सेंमीच्या जवळ पोहोचते. पक्षी कॅमेऱ्याकडे तोंड करून बसला तर चोच, डोळा आणि छाती एकाच वेळी स्पष्ट मिळणार नाहीत. तो कॅमेऱ्याला समांतर बसला तर एफ ८ मध्ये सगळे मिळते. म्हणून पक्ष्याला बसण्यासाठीची काडी सेन्सरला समांतर न लावता तिचे टोक कॅमेऱ्याकडे करून लावावी, कारण पक्षी सहसा काडीला काटकोनात बसतो आणि मग त्याची बाजू दिसते. काडीची जाडी पक्ष्याच्या पंज्याला साजेशी असावी. चष्मेवाल्यासाठी पेन्सिलीएवढी पुरते, बुलबुलासाठी अंगठ्याएवढी चालते. कुंडीपासून दीड-दोन फुटांवर एकच चांगली काडी ठेवावी आणि आजूबाजूच्या बसण्यासारख्या इतर काड्या छाटाव्यात. चार काड्या ठेवल्या तर पक्षी नेमका तुम्ही फोकस न केलेल्या काडीवर बसतो.

पार्श्वभूमीसाठी तुमच्या बागेचा आकार अडचणीचा वाटला तरी तो उपयोगाचा आहे. २५ बाय ३० फुटांच्या जागेचा कर्ण सुमारे ३९ फूट, म्हणजे बारा मीटरच्या आसपास होतो. हाइड भिंतीच्या मध्यावर ठेवण्याऐवजी एका कोपऱ्यात ठेवले तर त्यासाठी दीड मीटर, पुढे काडीपर्यंत चार मीटर आणि काडीच्या मागे सहा मीटरहून थोडे अधिक अंतर शिल्लक राहते. सहा मीटर मागची भिंत ६०० मिमीला पूर्ण विरघळते. कपड्यांची दोरी मात्र अंधुक होऊनही पांढऱ्या-निळ्या पट्ट्यांसारखी दिसत राहील, तेव्हा ती हलवावी. मागच्या कोपऱ्यात भिंतीचा चुना चमकत असेल तर तिथे मेंदीची किंवा अडुळशाची दाट रांग लावावी. झाडे वाढेपर्यंत खाकी किंवा फिक्या हिरव्या रंगाचे, चकाकी नसलेले जाड कापड टांगले तरी चालते. पूर्ण काळे कापड टांगण्याची पद्धत मला पटत नाही. त्यामुळे दिवसाढवळ्या काढलेले छायाचित्र रात्री फ्लॅशने काढल्यासारखे दिसते.

कोणत्या कोपऱ्यात हाइड ठेवायचे हे तुम्ही कोणत्या वेळी बसणार यावर ठरवावे, कारण एकाच हाइडमधून सकाळ आणि संध्याकाळ दोन्ही साधत नाहीत. सकाळी बसणार असाल तर हाइड पूर्वेकडे आणि तोंड पश्चिमेकडे असावे, दुपारनंतरसाठी याच्या उलट. उन्हाळ्यात पाण्यावरची खरी वर्दळ दहानंतर वाढते आणि दुपारी चारनंतर पुन्हा होते. नाचण आणि टिकेलचा निळा माशीमार यांना तर उजेड ओसरू लागल्यावरच पाण्याची आठवण होते. माझ्या मते घरच्या बागेसाठी दुपारनंतरचे सत्र निवडावे आणि हाइड पश्चिमेच्या कोपऱ्यात ठेवावे. मेच्या मध्यावर पुण्याच्या परिसरात सूर्य ऐन माध्यान्ही थेट डोक्यावर असतो. त्या प्रकाशात पक्ष्याच्या डोळ्याखाली आणि पोटाखाली गडद सावल्या पडतात, म्हणून दुपारी बारा ते साडेतीनपर्यंत बसून घामाघूम होण्यात अर्थ नाही.

सगळ्या पक्ष्यांना एकच प्रकाश मानवत नाही हेही ध्यानात ठेवावे. शिंजिराच्या नराचा जांभळा-हिरवा रंग रंगद्रव्याचा नसून पिसांच्या सूक्ष्म रचनेमुळे दिसतो, म्हणून प्रकाश कॅमेऱ्याकडून पक्ष्यावर पडला तरच तो झळकतो. आडवा किंवा पक्ष्याच्या मागून पडला तर नर कोळशाच्या तुकड्यासारखा काळा दिसतो. चष्मेवाला आणि सुभग यांची पिवळी-हिरवी पिसे मात्र थेट उन्हात फिकट पडतात आणि मोकळ्या सावलीत खुलतात. कुंडीवर सावली आणि ओल्या पानांच्या झुडपावर तिरपे ऊन, अशी मांडणी झाली तर दोन्ही साधतात.

हिरवट रंगाचे कारण शेडनेटच आहे. हाइडसाठी हिरवी जाळी चालते, पण तीच जाळी कुंडीवर सावलीसाठी बांधली असेल तर तिच्यातून झिरपणारा प्रकाश पक्ष्याच्या पांढऱ्या पोटावर हिरवी झाक आणतो आणि ती नंतर संगणकावर काढताना काडीचा आणि पार्श्वभूमीचाही रंग बिघडतो. कुंडीवर सावली हवी असेल तर पांढरी किंवा काळी जाळी लावावी. छायाचित्रे रॉ (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलच्या) स्वरूपात काढावीत आणि सत्राच्या सुरुवातीला, नंतर रंग जुळवता यावेत म्हणून, काडीच्या जागी राखाडी कार्ड धरून एक चौकट घेऊन ठेवावी.

हाइडचे काम म्हणजे तुमची हालचाल लपवणे. एकेरी शेडनेटमध्ये मागून उजेड येत असेल तर पक्ष्याला तुमची आकृती बाहेरून स्पष्ट दिसते. म्हणून मागची बाजू आणि छप्पर पूर्ण अपारदर्शक हवे. आतून काळे सुती कापड आणि बाहेरून गोणपाट हा जोड स्वस्त आणि शांत आहे. निळी किंवा पिवळी प्लास्टिकची ताडपत्री वाऱ्याने फडफडते, तेव्हा ती टाळावी. सांगाडा बांबूचा असावा. मावळात आणि घाटमाथ्यावर ज्यांना कारवीच्या काठ्या सहज मिळतात त्यांनी पुढची बाजू कुडाच्या भिंतीसारखी विणली तर ती जाळीपेक्षा टिकाऊ होते आणि बागेत विजोड दिसत नाही. आत दीड मीटर लांबी-रुंदी पुरते. उंची बसून डोके टेकणार नाही एवढीच ठेवावी. लेन्ससाठीची फट काडीच्या उंचीशी समपातळीत असावी आणि तिच्यावर दुहेरी जाळीची झालर सोडावी. पण लेन्सचे तोंड जाळीच्या बाहेर असले पाहिजे. जाळीतून छायाचित्र काढले तर ऑटोफोकस जाळीवर अडकतो आणि चित्रातला रेखीवपणा जातो. जमिनीवरचा पालापाचोळा झाडून तिथे जुने गोधडीचे कापड अंथरावे.

हाइड उभे केल्यावर किमान आठवडाभर आत बसू नये. त्या काळात फटीत ११० मिमी व्यासाच्या पीव्हीसी पाइपचा काळा रंगवलेला तुकडा लेन्ससारखा ठेवून द्यावा. ते काळे तोंड हा बागेचाच भाग आहे असे पक्ष्यांना वाटले पाहिजे. नंतर रोज पाइप काढून त्या जागी लेन्स ठेवताना घाई करू नये आणि सत्रादरम्यान लेन्स वळवावी लागली तर ती घड्याळाच्या तासकाट्यासारखी वळवावी. पक्षी काडीवर नसताना वळवणे सर्वांत चांगले. आवाजापेक्षा हालचाल पक्ष्याला अधिक बिचकवते. घरची बाग असल्याने बोलणे, भांड्यांचे आवाज, दूरदर्शन या गोष्टींना तिथले पक्षी सरावलेले असतात. म्हणूनच, कुंडी नीट मांडता आली तर स्वयंपाकघराची किंवा मागच्या खोलीची खिडकी हेच उत्तम हाइड ठरते. दिवे बंद करावेत, पडद्याला फट ठेवावी आणि काच उघडावी. काचेतून काढलेली छायाचित्रे लांब लेन्सला सहसा मऊच येतात.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रिचर्ड आणि चेरी किअर्टन या ब्रिटिश बंधूंनी पक्ष्यांच्या जवळ जाण्यासाठी पोकळ केलेला बैल वापरला होता आणि त्याच्या आत कॅमेरा घेऊन माणूस उभा राहत असे. आजचे हाइड त्या मानाने ऐषारामाचे आहे, तरी उन्हाळ्यात आतले तापमान बाहेरपेक्षा वाढते. हवा येण्यासाठी झरोका वर ठेवला तर उजेड आत येतो, म्हणून तो मागच्या बाजूला जमिनीलगत ठेवावा. पाणी सोबत असावे आणि दोन तासांहून अधिक सलग बसू नये. डासांसाठी पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा. डास मारताना हात झटकला जातो आणि तेवढ्याने संपूर्ण थवा उडून जातो.

कॅमेऱ्याच्या मांडणीबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे. बसलेल्या पक्ष्यासाठी १/५०० सेकंद पुरते. पाणी उडवणाऱ्या पक्ष्यासाठी १/१६०० किंवा त्याहून वेगवान शटर हवे. सावलीत यासाठी आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) ३२०० पर्यंत न्यावे लागले तरी कचरू नये, कारण हललेल्या चित्राला उपाय नाही आणि दाणेदार चित्राला आहे. पार्श्वभूमी गडद असेल तर कॅमेरा पक्ष्याला अधिक उजळ करतो आणि पोटाचे पांढरे तपशील जातात, म्हणून एक्स्पोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप कमी ठेवावे (एक स्टॉप कमी म्हणजे निम्मा प्रकाश). मिररलेस कॅमेऱ्यात मूक शटर वापरावे, पण काही सेन्सरवर ते वेगाने फडफडणारे पंख वाकडे दाखवते हे लक्षात असू द्यावे. बटण पक्षी पाण्यात असताना दाबत राहण्यापेक्षा तो अंघोळ करून काडीवर परततो तेव्हा दाबावे. तिथे तो अंग झटकतो, एकेक पीस चोचीतून ओढतो, एक पंख ताणतो आणि मान किंचित कॅमेऱ्याकडे वळवतो. हे दहा-पंधरा सेकंद त्या भेटीतले सर्वांत मोलाचे असतात.

सुरक्षिततेकडे दुर्लक्ष करून मिळवलेले छायाचित्र मला मान्य नाही. कुंडीच्या भोवती दीड-दोन मीटर जमीन मोकळी असावी, म्हणजे दबा धरलेली मांजर दिसते. त्यापलीकडे मात्र दाट झुडूप हवे, म्हणजे शिक्रा आला तर लपायला जागा मिळते. कुंडी रोज घासून स्वच्छ करावी आणि आठवड्यातून एकदा उन्हात पूर्ण वाळवावी. अनेक पक्षी एकाच पाण्यावर आल्याने रोग पसरू शकतात आणि चार-पाच दिवस न बदललेले पाणी डेंगीच्या डासालाही सोयीचे ठरते. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणे पूर्णपणे टाळावे, विशेषतः विणीच्या काळात, कारण नर आपली हद्द राखण्यासाठी घरटे सोडून त्या आवाजामागे धावतो. एखाद्या शिंप्याने हाइडच्या जवळच्या पानांत घरटे विणायला घेतले तर पिल्ले उडेपर्यंत हाइड बंद ठेवावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील शिकारीच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांच्या अंड्यांचे नुकसान करणे आणि त्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना बाधा पोहोचवणे यांचाही समावेश आहे, हे अनेक हौशी छायाचित्रकारांना ठाऊक नसते.

चांगली मांडणी प्रत्यक्ष पाहायची असेल तर कर्नाटकात दांडेलीजवळ गणेशगुडी येथील ओल्ड मॅगझिन हाउस या जंगल-निवासाला एकदा जावे. गोवा आणि दक्षिण महाराष्ट्रातून ते फार दूर नाही. तिथे पाण्याची पात्रे सावलीत, जंगलाच्या अगदी कडेला आहेत आणि लहान पक्ष्यांची वर्दळ त्यामुळेच असते. तिथे गेल्यावर पक्ष्यांइतकेच पात्रांच्या जागांकडे आणि त्यांच्यामागच्या झुडपांकडे लक्ष द्यावे.

पहिला दमदार पाऊस झाला की ठिबकणाऱ्या पाण्याचा प्रभाव संपतो, कारण प्रत्येक पानावर पाणी असते. तेव्हा कॅन आणि नळी उतरवून ठेवावी, गोणपाट काढून वाळवावे (ते पावसात कुजते), बांबूचा सांगाडा तसाच राहू द्यावा आणि हॅमेलियाचे झुडूप फुलले असेल तर पावसाळ्यात त्याच्यासमोर छत्री बांधून शिंजिरांसाठी बसावे. ऑक्टोबरच्या सुमारास पुन्हा गोणपाट चढवताना सूर्य दक्षिणेकडे सरकलेला असतो. डिसेंबरमध्ये आपल्याकडे तो ठीक पश्चिमेच्या सुमारे २५ अंश दक्षिणेला मावळतो, त्यामुळे उन्हाळ्यात लावलेली काडी हिवाळ्यात दीड-दोन फूट उत्तरेकडे हलवावी लागेल.